राहावं की जावं: एनबीएच्या स्टार खेळाडूने फ्री एजन्सीत काय निवडावं?

२००० सालच्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या ऑर्लँडो मॅजिक या संघाने एकाच वेळी दोन मोठ्या खेळाडूंना गळ घातली. एक सॅन अँटोनिओचा टिम डंकन, दुसरा डेट्रॉइटचा ग्रँट हिल. दोघांचे करार संपले होते, दोघं ऐन भरात होते आणि हवं त्या संघात जायला दोघंही मोकळे होते, म्हणजेच फ्री एजंट होते. हिल गेला, डंकन थांबला. हिलचा घोटा डेट्रॉइटच्या शेवटच्या प्लेऑफमध्येच, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, मोडला होता. ऑर्लँडोत पहिल्या चार मोसमांतल्या ३२८ सामन्यांपैकी तो फक्त ४७ खेळू शकला. त्याचं जाणं दोन्ही संघांतल्या अदलाबदलीतून झालं होतं, आणि त्याच्या बदल्यात डेट्रॉइटला जे दोन खेळाडू मिळाले त्यांतला एक बेन वॉलेस. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कोणीही निवडलं नव्हतं, पण त्याच्याच बचावाच्या जोरावर डेट्रॉइटने २००४ साली विजेतेपद मिळवलं. डंकन तिकडे सॅन अँटोनिओतच १९ मोसम खेळला आणि १९९९ च्या पहिल्या विजेतेपदात आणखी चारांची भर घालून निवृत्त झाला.

यावरून ‘थांबणारा जिंकतो’ असं ठरवायला जावं, तर याच ऑर्लँडोची चार वर्षं आधीची गोष्ट आडवी येते. १९९६ साली २४ वर्षांचा शकील ओनील ऑर्लँडो सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला, सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर. त्याआधी ऑर्लँडोच्या स्थानिक वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं होतं की हा माणूस एवढ्या पैशांच्या लायकीचा आहे का. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ म्हटलं. ओनीलने लेकर्सबरोबर २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन विजेतेपदं जिंकली.

दरवर्षी जूनअखेरीस हा वाद पेटतो, आणि पहाटे उठून सामने बघणारे आपल्याकडचे चाहतेही त्यात हिरिरीने उतरतात. एक बाजू निष्ठेच्या नावाने बोलते, दुसरी म्हणते की करिअर त्याचं आहे, त्याला ठरवू दे. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करतात. खेळाडूच्या खुर्चीत बसून दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की निर्णय कशावर ठरायला हवा हे बरंच स्पष्ट होतं.

आधी पैसा

इथे राहणाऱ्याचं पारडं उघडच जड आहे, कारण लीगने नियमच तसे केले आहेत. स्वतःचा संघ खेळाडूला पाच वर्षांचा करार आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के वाढ देऊ शकतो. बाहेरच्या संघाला चार वर्षं आणि पाच टक्के, एवढीच मुभा. त्यावर सुपरमॅक्स आहे. सात ते नऊ मोसम खेळलेल्या खेळाडूला एरवी सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या, जास्तीत जास्त ३० टक्के पगार मिळतो. पण तो ऑल-एनबीए संघात (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) निवडला जाण्यासारखे निकष पूर्ण करत असेल आणि लीगमधल्या पहिल्या, म्हणजे उमेदवारीच्या, करारापासून त्याच संघात असेल, तर त्याचा संघ त्याला ३५ टक्के देऊ शकतो. दुसरा कोणी नाही.

२०२५-२६ च्या मोसमात कॅप सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. हिशेब केला तर राहणाऱ्याला पाच वर्षांत जवळपास ३१ कोटी ४० लाख आणि जाणाऱ्याला चार वर्षांत जवळपास २० कोटी डॉलर मिळतात. जाणाराही पाचव्या वर्षी कुठेतरी कमावणार, म्हणून खरा फरक ११ कोटींहून बराच कमी आहे. पण पाचवं वर्ष लेखी असणं आणि पुढे कधीतरी मिळेल अशी आशा असणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. एनबीएत कराराचे पैसे सहसा पक्के असतात, दुखापत झाली तरी मिळतात. हिलला ऑर्लँडोत घोटा दगा देत राहिला तेव्हा त्याच्यामागे सात वर्षांचा करार उभा होता.

करांचा मुद्दा लोक फुगवून सांगतात. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही आणि कॅलिफोर्नियात वरचा दर १३ टक्क्यांच्या पुढे जातो, हे खरं. पण खेळाडू ज्या राज्यात सामना खेळतो तिथेही त्या दिवसांच्या कमाईवर कर भरतो, त्यामुळे मायामीत राहिल्याने सगळा पगार वाचत नाही. शिवाय सुपरमॅक्सचा फरक एवढा मोठा आहे की करबचत त्याची भरपाई करत नाही.

तेव्हा पैशाची बाजू स्वच्छ आहे: राहावं. विशेषतः पहिल्या मोठ्या कराराच्या वेळी. चार वर्षांचा उमेदवारीचा करार संपल्यावर खेळाडू तसाही पूर्ण मोकळा नसतो. बाहेरून आलेल्या प्रस्तावाची बरोबरी करून संघ त्याला ठेवून घेऊ शकतो. अशा वेळी बाविशी-तेविशीतल्या मुलाने रुसून बसण्यात काही मिळत नाही. खरा प्रश्न दुसऱ्या मोठ्या कराराला येतो, २७-२८ व्या वर्षी, जेव्हा पहिली श्रीमंती पदरात पडलेली असते आणि शरीराची उत्तम वर्षं मोजकीच उरलेली असतात.

विजेतेपद: कोणाबरोबर, की कोणाच्या हाताखाली?

इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक स्टार याच ठिकाणी फसतात. निघून जाणारा खेळाडू बहुधा एकच प्रश्न विचारतो: माझ्याबरोबर कोण खेळणार? शेत घेताना शहाणा माणूस उभ्या पिकावर भुलत नाही, तो जमीन आणि पाणी बघतो. संघातले खेळाडू हे उभं पीक आहे. मालक, जनरल मॅनेजर, प्रशिक्षक, वैद्यकीय चमू आणि ड्राफ्टमध्ये माणसं ओळखणारी नजर, ही जमीन.

केविन ड्युरंटने हे दोन्ही स्वतः करून पाहिलं आहे. ४ जुलै २०१६ रोजी त्याने ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जात असल्याचं जाहीर केलं. त्याच प्लेऑफमध्ये त्याच्या संघाने या वॉरियर्सविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी घालवली होती. प्रतिस्पर्ध्यालाच जाऊन मिळाला म्हणून त्याच्यावर आग पाखडली गेली. टीव्ही हक्कांच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप त्या एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर उडी मारून गेली, म्हणून तर ७३ सामने जिंकलेल्या संघाला तो परवडला. पण वॉरियर्सकडे नुसता स्टेफन करी नव्हता. प्रशिक्षक स्टीव्ह करचा आक्रमणाचा साचा होता, एकमेकांना धरून काम करणारं व्यवस्थापन होतं. ड्युरंट त्या साच्यात बसला, २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदं जिंकली आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग २०१९ साली, अंतिम फेरीत घोट्यामागची मोठी शीर तुटलेली असताना, तो ब्रुकलिन नेट्सकडे गेला. मित्र काइरी अर्विंग तिकडेच येत होता. पुढे जेम्स हार्डनही आला. कागदावर याहून भेदक आक्रमण मांडणं अवघड होतं. प्रत्यक्षात अर्विंगने लस नाकारली आणि मोसमाचा मोठा भाग बाहेर बसला, हार्डनने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, मागितला, प्रशिक्षक बदलला, आणि ड्युरंट मैदानात असताना नेट्सने प्लेऑफची एकच मालिका जिंकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोही फिनिक्सला गेला. तोच खेळाडू, तेच हात. पहिल्या वेळी त्याने घडलेली संस्था निवडली होती, दुसऱ्या वेळी सोबती.

कवाय लेनर्डचं उदाहरण मला याहून बोचतं. २०१९ साली टोरंटोला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून देऊन महिनाही उलटला नव्हता, तोच त्याने आपल्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस क्लिपर्सची निवड केली. घराजवळ जावंसं वाटणं यात काहीच वावगं नाही. पण त्याला पॉल जॉर्जही बरोबर हवा होता, आणि जॉर्जसाठी क्लिपर्सने ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा कोवळा गार्ड आणि पहिल्या फेरीतल्या पाच निवडी देऊन टाकल्या. त्यांतल्या एका निवडीतून पुढे जेलन विल्यम्स आला. २०२१ मध्ये क्लिपर्स पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले, पण तोवर लेनर्डचा गुडघा गेला होता. २०२४ मध्ये जॉर्ज फिलाडेल्फियाला निघून गेला. आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने विजेतेपद जिंकलं, गिल्जस-अलेक्झांडर मोसमाचाही आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्या छोट्या शहराला ड्युरंट नऊ वर्षांपूर्वी एकाही खेळाडूच्या मोबदल्याशिवाय सोडून गेला होता, तेच हे शहर. सॅम प्रेस्टी तेव्हाही तिथे जनरल मॅनेजर होता आणि आजही आहे.

आता राहणाऱ्यांकडे बघू. डिसेंबर २०२० मध्ये यानिस आंतेतोकुम्पोने मिलवॉकीशी २२ कोटी ८० लाख डॉलरचा सुपरमॅक्स करार केला, आणि सात महिन्यांनी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात ५० गुण करून १९७१ नंतरचं पहिलं विजेतेपद शहराला दिलं. ही गोष्ट निष्ठेचं फळ म्हणून सांगतात. पण क्रम बघा. त्याच्या सहीच्या काही आठवडे आधी संघाने भविष्यातल्या ड्राफ्ट निवडींचा मोठा गठ्ठा देऊन जरू हॉलिडेला आणलं होतं. संघाने आधी आपली तयारी दाखवली, मग त्याने सही केली. डंकनला थांबावंसं वाटावं अशी जागा प्रशिक्षक ग्रेग पोपोविचने तयार केली होती. डॅलसमध्ये डर्क नोविट्झकी २१ मोसम राहिला, २०११ साली लेब्रॉन, वेड आणि बॉश यांच्या मायामीला हरवून जिंकला, आणि २०१४ मध्ये संघाला चांगले सोबती घेता यावेत म्हणून तीन वर्षांच्या २ कोटी ५० लाखांवर राजी झाला. ही किंमत विश्वासापोटी दिलेली होती.

याच्या उलट बाजूला केविन गार्नेट. मिनेसोटात बारा मोसम. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सलग सात वर्षं पराभव. त्याच काळात संघाने जो स्मिथ या खेळाडूशी गुप्त करार केला, लीगने तो पकडला आणि पहिल्या फेरीतल्या अनेक निवडी काढून घेतल्या. गार्नेटच्या उमेदीची वर्षं या कारभारात गेली. २००७ मध्ये ट्रेड होऊन तो बोस्टनला पोचला तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, आणि पहिल्याच मोसमात तो जिंकला. त्याने आधीच निघायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. इतक्या प्रामाणिक माणसाची इतकी वर्षं वाया जाऊ देणं ही निष्ठेची शोभा नाही.

निष्ठेबद्दल

चाहत्यांचं दुःख खरं असतं, ते मी हलकं करणार नाही. ८ जुलै २०१० च्या रात्री लेब्रॉन जेम्सने टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात मायामीला जाणार असल्याचं सांगितलं, तेव्हा क्लीव्हलँडमध्ये लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. आधीच्या मोसमात ६१ सामने जिंकलेला संघ पुढच्या मोसमात १९ वर आला आणि त्यात एकापाठोपाठ २६ सामने हरला. शेजारच्या अ‍ॅक्रनमध्ये वाढलेला मुलगा सगळ्या देशासमोर आपल्याला नाकारतोय, हा घाव त्या शहराला खोल बसला. त्या कार्यक्रमाची गरज नव्हती. एक फोन आणि एक निवेदन पुरेसं होतं.

पण जाण्याचा निर्णय? खेळाडूने पहिला संघ निवडलेलाच नसतो, ड्राफ्ट त्याला तिथे पाठवतो. संघाची निष्ठा किती, तेही बघायला हवं. ड्युरंटने ज्या संघाला ‘दगा’ दिला, तो संघ मालकाने २००८ मध्ये सिअ‍ॅटलमधून उचलून ओक्लाहोमाला नेला होता, आणि ड्युरंटचं पहिलं वर्ष सिअ‍ॅटलमध्येच गेलं होतं. जुलै २०१७ मध्ये क्लिपर्सने ब्लेक ग्रिफिनला आयुष्यभर क्लिपर राहण्याची स्वप्नं दाखवत पाच वर्षांचा करार दिला आणि पुढच्या जानेवारीत डेट्रॉइटला धाडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने २५ वर्षांच्या लुका डोन्चिचला, त्याने काहीही मागितलेलं नसताना, एका रात्रीत लेकर्सकडे पाठवलं. त्याबरोबर सुमारे ३४ कोटी ५० लाखांच्या सुपरमॅक्सची त्याची पात्रताही गेली. नोविट्झकीला २१ मोसम सांभाळणारं डॅलस तेच, पण २०२३ च्या अखेरीस संघाची मालकी बदलली होती.

हे शेवटचं उदाहरण माझ्या मताविरुद्धही जातं, हे मान्य करायला हवं. व्यवस्थापन बघून राहा असं मी म्हणतो, पण व्यवस्थापन विकलं जाऊ शकतं. यावर एकच खरा बचाव आहे, करारातली ट्रेड-मनाईची अट. ती मागण्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघात चार वर्षं झालेली असावी लागतात, म्हणजे दुसऱ्या मोठ्या कराराच्या सुमारास ती मागता येऊ लागते. थांबणाऱ्याने थोडे पैसे सोडावे लागले तरी ती मागावी.

आणि तिसरी वाट, ट्रेड

आज बहुतेक स्टार फ्री एजन्सीपर्यंत पोचतच नाहीत. आधीच करार वाढवून घेतात आणि नाराज झाले की ट्रेड मागतात. पैसा हाती राहतो आणि जुन्या संघालाही काही मिळतं, म्हणून ही वाट सोयीची वाटते. पण तिच्यात मुक्काम आपल्या हातात नसतो. डेमियन लिलार्डने पोर्टलंडमधल्या ११ मोसमांनंतर २०२३ मध्ये मायामी मागितलं आणि त्याला मिलवॉकी मिळालं. तिथे विजेतेपद आलं नाही, २०२५ च्या प्लेऑफमध्ये त्याचीही घोट्यामागची शीर तुटली आणि मिलवॉकीने त्याला मुक्त केलं. त्याच जुलैत तो तीन वर्षांच्या ४ कोटी २० लाखांच्या करारावर पोर्टलंडला परत गेला, ट्रेड-मनाईच्या अटीसह.

सॅक्रामेंटोची गोष्ट आपल्याला थोडी जवळची, कारण त्या संघाचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे आहेत आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियानाशी खेळून गेला. तिथला डी’अ‍ॅरन फॉक्स २०२४ मध्ये करार वाढवायला राजी झाला नाही. डिसेंबरमध्ये संघाने माइक ब्राउनला काढलं. सोळा मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवणारा तो प्रशिक्षक होता. दोन महिन्यांत फॉक्सही सॅन अँटोनिओला गेला. फॉक्सने जमीन बघूनच निर्णय घेतला, असं मला वाटतं.

मग कोणी काय करावं

भूमिका हा मुद्दा आकड्यांत दिसत नाही, पण कधीकधी तोच निर्णायक असतो. जेलन ब्रन्सन डॅलसमध्ये डोन्चिचच्या सावलीत होता आणि संघाने त्याचा करार वेळेत वाढवला नाही. २०२२ मध्ये तो चार वर्षांच्या १० कोटी ४० लाखांवर न्यूयॉर्कला गेला. वडील तिथे साहाय्यक प्रशिक्षक, संघाचा प्रमुख घराशी जुना परिचय असलेला. दोन वर्षांत तो संघाचा चेहरा झाला, आणि २०२४ मध्ये एक वर्ष थांबून मिळाले असते त्याहून सुमारे ११ कोटी ३० लाख कमी घेऊन त्याने करार वाढवला. २०२५ मध्ये न्यूयॉर्क २५ वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचलं. ज्याला आपल्या संघात दुय्यम मानलं जातंय आणि दुसरीकडे चेंडू हातात मिळणार आहे, त्याने फार विचार न करता निघावं.

पंचविशीच्या आतल्याने राहावं. सुपरमॅक्स मिळत असेल आणि गेल्या तीन-चार वर्षांत संघाने ड्राफ्टमध्ये चांगली माणसं शोधली असतील, प्रशिक्षक टिकला असेल, पगारखर्च फार वाढला की लीगला भरावा लागणारा लक्झरी टॅक्स द्यायला मालक कचरत नसेल, तर अठ्ठाविशीतल्यानेही राहावं. २०२३ च्या नियमांनी राहण्याच्या बाजूने आणखी वजन टाकलं आहे. पगारखर्च लीगने आखलेल्या दुसऱ्या, सगळ्यात वरच्या मर्यादेपलीकडे गेला की संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही, त्यामुळे दुसरीकडे जाऊन तीन तारे जमवणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. हे निकष संघ पुरे करत नसेल तर मात्र पाचव्या वर्षाचे पैसे सोडून जावं, आणि लेकर्सला जाताना ओनीलने पाहिलं ते पाहावं. त्याच उन्हाळ्यात तिथला कारभार पाहणाऱ्या जेरी वेस्टने व्लादे दिवाच या खेळाडूला देऊन कोबी ब्रायंट नावाच्या १७ वर्षांच्या मुलाचे हक्क मिळवले होते.

ज्याचं मन द्विधा आहे त्याच्यासाठी लेब्रॉनचीच २०१४ ची युक्ती आहे. मायामीत चार वर्षांत चार अंतिम फेऱ्या आणि दोन विजेतेपदं मिळवून तो क्लीव्हलँडला परतला, पण पाच वर्षांची सही केली नाही. दोन वर्षांचा करार, दुसऱ्या वर्षी निघण्याची मुभा राखून. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच. दर उन्हाळ्यात तो मोकळा होऊ शकतो हे संघमालक डॅन गिल्बर्टला माहीत होतं, आणि गिल्बर्टने खर्चाचा हात आखडला नाही. १९ जून २०१६ रोजी क्लीव्हलँडने ३-१ अशा पिछाडीवरून वॉरियर्सला हरवलं, आणि १९६४ नंतर त्या शहरात कुठल्याही मोठ्या खेळाचं पहिलं विजेतेपद आलं. लेब्रॉनसारखं दणकट शरीर असेल तर ही वाट घ्यावी. घोटा किंवा गुडघा कुरकुरत असेल त्याने पाच वर्षांचीच सही करावी आणि ट्रेड-मनाईची अट मिळवण्यासाठी आपल्या एजंटला शेवटपर्यंत भांडायला लावावं.